मधल्या स्टेशनावर उतरण्याची मुभा

मा. केंद्रीय रेल्वेमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली, यांच्या सेवेशी



आपल्या खात्याकडे रोज जे अर्ज येतात त्यांत कोणी नवी गाडी मागतो, कोणी नवा मार्ग मागतो, कोणी आपल्या गावच्या स्टेशनाला एखाद्या थोर पुरुषाचे नाव मागतो. माझी मागणी यांपैकी कोणत्याही प्रकारची नसून ती तिकिटाच्या एका नियमापुरती आहे, आणि ती मान्य झाल्यास सरकारी तिजोरीवर फारसा बोजा न पडता सामान्य माणसाला स्वतःचाच मुलूख पाहण्याची सोय होईल, अशी माझी खात्री आहे. मागणी अशी की, पाचशे किलोमीटरांच्या आतला प्रवास करणाऱ्या उतारूलाही मधल्या स्टेशनांवर उतरण्याची, तेथे एखादी रात्र काढण्याची आणि त्याच तिकिटावर पुढची गाडी धरण्याची मुभा असावी.

सध्याचा नियम आपणांस ठाऊक आहेच; तथापि हे पत्र जाहीर असल्यामुळे इतर वाचकांसाठी तो येथे नमूद करणे भाग आहे. तिकीट पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतराचे असेल तर वाटेत एकदा, आणि एक हजार किलोमीटरांहून अधिक अंतराचे असेल तर दोनदा, उतारूला उतरता येते; मात्र पहिले पाचशे किलोमीटर पुरे होण्यापूर्वी ही सवलत लागू होत नाही, आणि उतरलेल्या स्टेशनावर तिकिटावर तसा शेरा मारून घ्यावा लागतो. म्हणजे मुंबईहून दिल्लीला निघालेल्या माणसाला वाटेत थांबता येते, परंतु पुण्याहून कोल्हापूरला, अथवा मुंबईहून रत्नागिरीला निघालेल्या माणसाला येत नाही. शिवाय दोनशे किलोमीटरांच्या आतले अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांच्या आत प्रवासाला लागले पाहिजे, असाही दंडक आहे. लांबच्या प्रवासात माणसाला विसावा मिळावा, हा मूळ नियमाचा हेतू असावा व तो योग्यच आहे. परंतु प्रवास हा केवळ मुक्कामाला पोहोचण्यासाठी असतो, वाट स्वतः पाहण्यासारखी नसते, असे गृहीत धरूनच हा नियम बेतलेला दिसतो, आणि या गृहीतालाच माझी हरकत आहे.

मी ज्याच्या वतीने लिहीत आहे तो उतारू कोण, हेही सांगतो. तालुक्याच्या शाळेतले मास्तर, बँकेतला कारकून, नुकतीच पेन्शन सुरू झालेले पोस्टमास्तर व त्यांची पत्नी, दोन मुलांना घेऊन एकटीच निघालेली आई, परीक्षा आटोपलेली कॉलेजची पोरे: अशी ही माणसे. यांच्यापाशी मोटार नसते, विमानाचा विचार त्यांच्या मनात येत नाही, आणि वर्षाकाठी एकदा पंधरा दिवसांची रजा काढून काश्मीर अथवा केरळ गाठावे एवढी ऐपतही बहुतेकांची नसते. त्यांच्यापाशी असतो तो शनिवार-रविवार, आणि त्याला जोडून आलीच तर एखादी सणाची सुट्टी. हा दोन-तीन दिवसांचा हवापालट त्यांना सुचतो तोही गुरुवारी किंवा शुक्रवारी, घरातली कामे उरकल्यावर. आणि राखीव जागांचे आरक्षण तर साठ दिवस आधी खुले होऊन सुट्टीच्या गाड्यांत पाहता पाहता संपलेले असते. म्हणून त्यांचा खरा आधार अनारक्षित डबा व पॅसेंजर गाडी हाच आहे. त्या गाडीतून ते गेले तरी मुक्कामाच्या शहरी उतरतात, तेथील देऊळ व बाजार पाहतात आणि परततात; मधली पाच-पंचवीस स्टेशने खिडकीतून मागे जातात.

वास्तविक आगगाडी आणि छोटी सहल यांचा संबंध फार जुना आहे. १८४१ साली जुलैच्या पाच तारखेस इंग्लंडात टॉमस कुक नावाच्या गृहस्थाने सुमारे पाचशे मंडळींना लेस्टरहून लफबरो येथे मद्यपाननिषेधाच्या एका सभेला नेले. अंतर अकरा-बारा मैलांचे आणि दर माणशी एक शिलिंग. ज्याच्या नावाने पुढे जगभर प्रवासी कंपनी चालली त्याचा आरंभ हा असा एका दिवसाच्या, जवळच्या सहलीत झाला. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली उतारूंची गाडी ठाण्याला गेली, तीही चौतीस किलोमीटरच, आणि तिच्यातील चारशे पाहुण्यांपैकी किती जणांना ठाण्यात खरोखर काही काम होते, हे सहज तर्क करण्यासारखे आहे. १९०७ साली पीरभॉय घराण्याने नेरळपासून माथेरानपर्यंत दोन फूट रुंदीचा रूळ घातला. वीस-एकवीस किलोमीटरांचा हा मार्ग जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज अशी स्टेशने घेत, वळणांमागून वळणे काढीत वर चढतो, आणि त्याला दोन तासांहून अधिक वेळ लागतो याबद्दल आजवर कोणी तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही, कारण त्या गाडीत बसणे हीच सहल आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणीसुद्धा आरंभी आठवड्याच्या अखेरच्या प्रवाशांसाठीच धावत असे. तेव्हा माझी मागणी आपल्या खात्याच्या परंपरेला सोडून आहे, असे कोणी म्हणू नये.

थांबा असला आणि तिकीट स्वस्त असले म्हणजे काय घडते, याचा दाखला पाहायचा असेल तर पुणे–लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे. स्टेशन लहान, एका अंगाला कार्ल्याचा डोंगर, दुसऱ्या अंगाला भाजे, आणि भाज्याच्या वर लोहगड व विसापूर. रविवारी सकाळच्या लोकलमधून पाठीला पिशवी लावलेली पोरे, डबा बांधून घेतलेली कुटुंबे, कधी वर्गच्या वर्ग घेऊन आलेले शिक्षक तेथे उतरतात आणि चालत भाज्याच्या पायऱ्या चढतात. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील ते चैत्यगृह. तिरके कललेले साधे अष्टकोनी खांब, वर लाकडी फासळ्यांची कमान. दगडात कोरलेल्या घराला लाकडाच्या फासळ्या कशासाठी, हा प्रश्न तेथे उभ्या असलेल्या आठवीतल्या मुलाला पडतो, आणि पूर्वी अशी घरे लाकडाचीच बांधीत, कोरणाऱ्यांनी तीच घडण डोंगरात उतरवली, हे मास्तर त्याला तेथल्या तेथे दाखवून देतात. पलीकडच्या विहारात सूर्याचा रथ कोरलेला आहे, तो पाहायला वाकून आत जावे लागते. हे सारे त्या मुलाच्या पदरी पडते ते केवळ लोकल मळवलीला थांबते म्हणून. मोटारींची जी रांग त्याच दिवशी द्रुतगती मार्गावर खोळंबलेली असते तिच्यातील बहुसंख्य मंडळी लोणावळ्याच्या बाजारात आणि धरणाच्या भिंतीवर एकमेकांना ढकलीत असतात. भाज्यापर्यंत त्यांतील थोडेच पोहोचतात.

आता ज्या मार्गासाठी मी मुख्यतः हे पत्र लिहितो आहे तो पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग घेऊ. लांबी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, म्हणजे आपल्या पाचशेच्या मर्यादेच्या पुष्कळच आत. पुणे मागे टाकून गाडी शिंदवण्याचा घाट चढते, आंबळे व राजेवाडी ही स्टेशने घेते आणि जेजुरीला येते. खंडोबाचा गड डब्यातून दिसू लागला की अनारक्षित डब्यातील निम्मी माणसे उठून त्या बाजूला हात जोडतात, आणि ज्यांचे तिकीट पुढचे आहे ती तशीच बसून राहतात. पुढे वाल्हे, नीरा, लोणंद ही पालखीच्या वाटेवरची नावे. मग सालपे व आदर्कीच्या बाजूला गाडी डोंगराला वळसे घालीत वाठारला पोहोचते. वाठार हे वाईला जवळचे स्टेशन. वाईला कृष्णेचे घाट आहेत, ढोल्या गणपती आहे, आणि १९१६ साली नारायणशास्त्री मराठे यांनी, म्हणजे पुढच्या केवलानंद सरस्वतींनी, स्थापन केलेली प्राज्ञपाठशाळा आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेतले, आणि मराठी विश्वकोशाचे काम याच गावातून चालले. ज्या मराठी माणसाच्या घरी विश्वकोशाचे खंड आहेत त्याला ते कोठे सिद्ध झाले ती वास्तू पाहावीशी वाटणार नाही काय?

पण मला विशेष सांगायचे आहे ते रहिमतपूरविषयी. साताऱ्यानंतर कोरेगाव येते आणि त्यानंतर रहिमतपूर. एक्स्प्रेस गाडीतील उतारूला हे स्टेशन आले केव्हा आणि गेले केव्हा याचा पत्ताही बहुधा लागत नाही. येथून तासाभराच्या आत औंध गाठता येते. औंध हे एके काळचे लहानसे संस्थान; त्याचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते होते. आपला संग्रह त्यांनी यमाईच्या डोंगरावर इमारत बांधून १९३८ साली लोकांसाठी खुला केला. मुंबई-पुण्याच्या पुष्कळ सुशिक्षितांना हे माहीत नाही की राजा रविवर्म्याची मूळ चित्रे पाहायला त्रिवेंद्रम अथवा बडोदे गाठण्याची गरज नाही, ती सातारा जिल्ह्यातील या डोंगरावर आहेत. आणि विसाव्या शतकातील शिल्पकारांत ज्याची गणना अग्रभागी होते त्या हेन्री मूरचे आई व मूल हे दगडी शिल्पही तेथेच आहे. त्या शिल्पासमोर मी एक शेतकरी जोडपे उभे पाहिले. बाई बराच वेळ पाहत राहिली, मग तिने नवऱ्याला त्या आकृतीतला मुलाला धरलेला हात बोटाने दाखवला आणि म्हणाली, “पोर घट्ट धरलंय बगा.” कलासमीक्षकाने पानभर लिहून जे सांगितले असते त्याचे सार तिने एका वाक्यात सांगितले. याच गावी पंडित सातवळेकरांनी वेदांच्या संशोधन-प्रकाशनाचे आपले प्रचंड कार्य अनेक वर्षे केले, आणि याच गावच्या राजाने १९३९ साली आपली सत्ता प्रजेच्या पंचायतींच्या स्वाधीन करणारी राज्यघटना दिली. इतके सारे ज्या स्टेशनाच्या आसमंतात आहे त्या स्टेशनावर कोल्हापूरच्या तिकिटावर उतरता येऊ नये, हे मनाला पटत नाही.

रहिमतपूरनंतर तारगाव, मसूर, आणि मग कराड. कराडचे स्टेशन ज्या ओगलेवाडीत आहे तेथे प्रभाकर कंदील तयार होत असत. वीज येण्यापूर्वीच्या महाराष्ट्रात ज्या उजेडात कित्येक पिढ्यांनी अभ्यास केला तो उजेड येथला. कराड गावात कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे. पुढचे किर्लोस्करवाडी पूर्वी कुंडल रोड या नावाने ओळखले जात असे. १९१० साली औंधकरांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेथे नांगरांचा कारखाना घातला आणि पुढे त्याच माळावरून ‘किर्लोस्कर’ व ‘स्त्री’ ही मासिके घरोघर गेली. भिलवडीला उतरले की औदुंबरचे दत्तस्थान जवळ. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला. आणि मिरजेला तर संगीताच्या भक्ताने एक अख्खा दिवस काढून ठेवावा. सतारमेकरांच्या गल्लीत पंढरपूरच्या बाजूने आणलेले वाळके भोपळे भिंतीला ओळीने टांगलेले असतात. कारागीर एखादा उतरवून त्याच्यावर बोटाने टिचकी मारतो, आवाज ऐकतो, पुन्हा टांगतो आणि दुसरा घेतो. तंबोऱ्याचा भोपळा असा कानाने निवडला जातो. जवळच मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. मद्रासकडून पाँडिचेरीला जात असता वाटेत प्रकृती बिघडली म्हणून खाँसाहेब सिंगपेरुमलकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले, आणि तेथेच फलाटावर २७ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांना मिरजेला आणून दफन केले.

एवढ्या विस्ताराने हा मार्ग सांगण्याचे कारण असे की, एकाच तिकिटावर तीन दिवसांत जेजुरी, औंध, औदुंबर व मिरज पाहून कोल्हापूरला अंबाबाईचे दर्शन घेणे रुळांच्या व गाड्यांच्या दृष्टीने आजही शक्य आहे. शक्य नाही ते तिकिटाच्या दृष्टीने. आज असा प्रवास करू इच्छिणाऱ्याला प्रत्येक टप्प्याचे वेगळे तिकीट काढावे लागते, प्रत्येक स्टेशनावर खिडकी उघडण्याची वाट पाहावी लागते, आणि तुकड्यातुकड्यांच्या भाड्याची बेरीज सरळ तिकिटापेक्षा अधिक भरते, कारण अंतर वाढेल तसा दर उतरत जातो हे भाड्याच्या कोष्टकाचे सूत्रच आहे. रक्कम मोठी नसेल, पण आई, वडील, दोन मुले व आजी अशा पाच माणसांच्या हिशेबात ती जाणवते. आणि रकमेपेक्षाही अधिक जाणवतो तो प्रत्येक ठिकाणचा खोळंबा.

यावर आपले अधिकारी काय आक्षेप घेतील याची मला कल्पना आहे. पहिला आक्षेप गैरफायद्याचा: एक माणूस मध्येच उतरेल आणि त्याचे तिकीट दुसराच वापरील. परंतु लांब पल्ल्याच्या तिकिटावर स्टेशनमास्तरांचा शेरा घेण्याची जी पद्धत आहे ती आखूड पल्ल्याला लावण्यात अडचण कोणती? आता तर तिकिटे मोबाइलवर निघतात आणि ती काढताना नाव-नंबर नोंदलेला असतो. तेव्हा बंदोबस्त पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. दुसरा आक्षेप उत्पन्नाचा. त्याला उत्तर आपल्याच खात्याच्या दफ्तरात आहे. मुंबईच्या उपनगरी गाड्यांसाठी एक, तीन व पाच दिवसांची पर्यटक तिकिटे आपले खाते विकते. त्या मुदतीत हवे तेथे चढावे, हवे तेथे उतरावे. लाखो लोकांच्या गर्दीत, जेथे तपासनीस प्रत्येक डब्यात पोहोचू शकत नाही, तेथे जी सवलत सुखेनैव चालते ती साताऱ्याच्या व सांगलीच्या फलाटावर का चालू नये, याचा विचार व्हावा. परदेशांचेही दाखले आहेत. जपानात १९८२ पासून सुट्टीच्या हंगामात असे एक तिकीट मिळते की ज्याच्यावर देशभर फिरता येते, अट एवढीच की गाडी साधी असावी, जलद नसावी. आणि जर्मनीने मे २०२३ पासून देशातील सर्व स्थानिक व प्रादेशिक गाड्यांसाठी महिन्याचे एकच तिकीट ठेवले आहे. दोन्ही ठिकाणी सवलत दिली ती मंद गाडीला. जलद गाडीतील जागेची किंमत वेगळी आणि धिम्या गाडीतील रिकाम्या बाकाची वेगळी, हे त्या देशांनी ओळखले, आणि आपल्या पॅसेंजर गाड्यांतही दुपारच्या वेळी पुष्कळ बाके रिकामी जातात.

मी वेगाच्या विरुद्ध नाही, हेही येथे स्पष्ट करतो. वंदे भारत गाड्या धावाव्यात, ज्यांना सोलापूर अथवा मडगाव लवकर गाठायचे आहे त्यांनी लवकर गाठावे. २०२१ पासून डेक्कन एक्स्प्रेसला व दख्खनच्या राणीला काचेच्या छपराचा जो डबा जोडला जातो त्याचेही मी स्वागत करतो. बोर घाटातील पावसाळा त्या डब्यातून ज्याने पाहिला त्याने जन्मभर स्मरणात ठेवावे असे काही पाहिले. परंतु काचेतून पाहिलेला डोंगर आणि पायांनी चढलेला डोंगर यांत अंतर आहे, आणि या दुसऱ्याची सोय ही पॅसेंजर गाडीच करते. २०२० च्या साथीनंतर या साध्या गाड्यांना एक्स्प्रेसचे भाडे लागू होऊन दहा रुपयांचे किमान तिकीट तीस रुपयांवर गेले होते. २०२४ च्या आरंभी ते पूर्ववत करण्यात आले, याबद्दल गरीब उतारूंच्या वतीने आभार मानणे हे माझे कर्तव्य आहे. आता वेळापत्रक ठरविताना या गाड्यांना अगदीच मागे ढकलले जाऊ नये, प्रत्येक मार्गावर सकाळी निघून सूर्यास्तापूर्वी पोहोचणारी एक गाडी दोन्ही दिशांनी असावी, एवढी त्याला पुस्ती जोडतो.

कोकणातील स्थिती थोडी निराळी आहे. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी संपूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा सह्याद्रीच्या कुशीतील माणसाला मुंबई जवळ आली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आणि पानवलचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल बांधणाऱ्या अभियंत्यांपुढे आदराने मान लवते. दिव्याहून सावंतवाडीला दिवसा जाणारी गाडी ही या मार्गावरची खरी सहलीची गाडी. पण डोंगर पोखरून काढलेला हा मार्ग गावांच्या वेशीतून जाऊ शकला नाही, त्यामुळे बहुतेक स्टेशने गावापासून दूर, मोकळ्या रानात पडली. संगमेश्वरला उतरून शास्त्री नदीच्या काठी कसब्यातील कर्णेश्वराचे देऊळ पाहावे, रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजाने ज्या राजवाड्यात नजरकैदेची अखेरची वर्षे काढली तो पाहावा, असे मनात आणलेला उतारू स्टेशनाबाहेर येतो तेव्हा पुढे रिक्षावाला मागेल ते देणे हा एकच मार्ग पुष्कळदा त्याच्यापुढे उरतो. १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर पहिली धाव घेतलेली आपली एस. टी. आज खेडोपाडी जाते. तिचे आगार आणि रेल्वेचे स्टेशन एकाच जिल्ह्यात, पण वेळापत्रके मात्र परस्परांशी बोलत नाहीत. गाडी गेल्यावर दहा मिनिटांनी येणारी बस गाडीपूर्वी दहा मिनिटे यावी आणि गाडी आल्यावर पंधरा मिनिटांनी परतावी, एवढ्याची तजवीज जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत एका बैठकीत होण्यासारखी आहे.

विदर्भ-मराठवाड्याचे वाचक मला पक्षपाती म्हणण्यापूर्वी सांगतो की नागपूरहून फाट्याने रामटेकला जाणारी गाडी, वर्ध्याला उतरून सेवाग्रामची बापूकुटी व पवनारचा आश्रम, मनमाडहून छत्रपती संभाजीनगरला जाताना लागणारे आणि डब्यातूनच किल्ला दाखवणारे दौलताबाद, यांनाही माझे म्हणणे तंतोतंत लागू आहे.

स्टेशनाविषयी थोडेच. अमृत भारत योजनेखाली शेकडो स्टेशनांचे नूतनीकरण चालू आहे. कमानी, दिवे, रंग यांवर खर्च होत आहे. त्या खर्चातून प्रत्येक लहान स्टेशनावर सामान ठेवण्याची एक कुलपाची खोली, स्त्रियांसाठी खरोखर वापरता येईल असे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, आणि आसपासच्या वीस-पंचवीस किलोमीटरांतील स्थळांचा एक मराठी नकाशा, त्याखाली एस. टी.च्या वेळा, इतके झाले पाहिजे. सामान ठेवण्याची सोय नसेल तर मधल्या स्टेशनावर उतरण्याची मुभा कागदावरच राहील, कारण अंथरूण-पांघरुणाची वळकटी व आजीची औषधाची पिशवी घेऊन कोणी गडाच्या पायऱ्या चढत नाही. मात्र या स्टेशनांभोवती हॉटेलांची रांग आणि छायाचित्रे काढून घेण्याचे चौथरे उभे राहू नयेत. आपल्याकडची पाच-सहा गावे सुट्टीच्या दिवशी माणसांनी चेंगरून जातात आणि उरलेला मुलूख ओस असतो. तीच माणसे शंभर लहान स्टेशनांवर विभागली गेली तर चहाची एखादी टपरी, जेवण घालणारे एखादे घर आणि देवळातली धर्मशाळा एवढ्यावर त्यांची सोय होईल, आणि तो पैसाही गावातच राहील.

अखेरीस, एकदम सर्व देशाला लागू होईल असा हुकूम मी मागत नाही. पुणे–कोल्हापूर मार्गावर येत्या दिवाळीपासून होळीपर्यंत, म्हणजे प्रवासाच्या उत्तम ऋतूत, एक प्रयोग करून पाहावा: साध्या दुसऱ्या वर्गाचे, तीन दिवस मुदतीचे, एका दिशेचे तिकीट, पुढे जाताना हव्या त्या स्टेशनांवर उतरण्याची मोकळीक, स्टेशनमास्तरांचा शेरा अथवा मोबाइलवरची नोंद आवश्यक. या मुदतीत प्रत्येक स्टेशनावर किती शेरे पडले याची बेरीज होळीनंतर जाहीर करावी, म्हणजे रहिमतपूरला, भिलवडीला व मिरजेला किती माणसे उतरली हे आपल्या खात्याला, एस. टी.ला आणि सातारा-सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना एकाच वेळी कळेल व पुढील निर्णय अंदाजावर न घेता आकड्यांवर घेता येईल. आकडे माझ्या म्हणण्याच्या उलट निघाले, तर मी ही मागणी मागे घेईन.

या पत्राची एक प्रत मध्य रेल्वेच्या महाव्यवस्थापकांकडे व एक राज्य परिवहन महामंडळाकडे माहितीसाठी पाठवीत आहे.



आपला,
पॅसेंजर गाडीचा एक उतारू